जाऊबाईंची पेशी

माझी नात मेंदूवर संशोधन करते. सुटीत नागपूरला आली की माझ्याजवळ बसायचं सोडून आधी सक्करदऱ्याला माझ्या मोठ्या जावेकडे पळते. का, तर जाऊबाई सगळं विसरत चालल्या आहेत. मला अजून गल्लीतल्या प्रत्येक घरचं भांडण तोंडपाठ आहे, त्याचं कौतुक कोणाला?

जाऊबाईंचा हेवा मी लग्न झाल्यापासून करते. त्यांचं माहेर भिवापूरचं. तिथली मिरची त्या भाकरीसोबत नुसती चावून खायच्या आणि सासरे पाहुण्यांना बोलावून ते दाखवायचे. मग मीही खायची. डोळ्यांना धारा लागल्या की म्हणायची, "चुलीचा धूर गेला." चूल विझलेली असली तरी! इतकी बावळट नवरी सासऱ्यांनी कुठून शोधून आणली, देव जाणे.

परवा मी नातीच्या मागोमाग गेले. जाऊबाई जेवत होत्या आणि ही त्यांना समजावत होती, "मोठी आजी, वय झालं का मेंदूतल्या पेशी मरतात. आम्ही नव्या वाढवून उंदरांच्या मेंदूत रुजवून पाहून राहिलो. पुढंमागं माणसालेही नवी पेशी..."

"पेशी?" जाऊबाई ताठ बसल्या. "कोणत्या तारखेची? वकिलाले सांगितलं काय?"

माहेरच्या शेताच्या वाटणीसाठी त्या भावांशी वर्षानुवर्षं कोर्टात भांडल्या होत्या, आणि आमच्याकडे कोर्टाच्या तारखेलाही पेशीच म्हणतात. नात खो खो हसली. माझं मात्र डोकं फिरलं. कोर्ट लक्षात आहे, आणि मी? मला नवरीच्या वेशात पाहिलेल्या आता या एकट्याच उरल्यात.

"नव्या पेशी टाकल्या तर मी आठवीन का वं त्यायले?" मी नातीला विचारलं.

"नाही वं आजी. त्या कोऱ्याच राहतीन. गेलं ते गेलं."

तेवढ्यात जाऊबाई माझ्याकडे वाकल्या. "बाई, तुमी कोन? माह्या धाकट्या जावेले नोका सांगू पेशीचं. लय जळते ती माह्यावर."

"काहून जळते?"

"तिले मिरची सोसत नाही ना. रडते, आन् म्हणते धूर गेला."

म्हणजे तेव्हाच कळलं होतं! सगळं विसरली, पण मला हरवलेलं तेवढं बरं जपून ठेवलं बाईनं. मी नातीला बजावलं, "नव्या पेशी खुशाल टाक. पण ही मिरचीवाली हलवू नको."

जाऊबाईंच्या ताटात एक मिरची होती. मी उचलली आणि कचकन चावली. एकदा तरी जिंकायचंच होतं मला. डोळे भरून वाहायला लागले.

"धूर गेला काय वं?" जाऊबाईंनी विचारलं.