सोडवण्यासाठी बांधलेले चाक

गेल्या महिन्यात कळंबच्या बाजारात भाजीवाल्या बाईंनी सांगितले, "गुरुजी, कर्जतचे दाऊदभाई गेले हो." हातातली पिशवी मी खाली ठेवली. आदल्याच आठवड्यात त्यांच्या दुकानात बसून आलो होतो...

मी शाळेत संस्कृत शिकवले, आणि त्या सर्व वर्षांत दाऊदभाईंनी माझी सायकल चालती ठेवली. त्यांच्याविषयी सांगण्यासारखे पुष्कळ आहे. पण एका प्रसंगात ते मला पूर्ण भेटतात. दोन वर्षांपूर्वी मागच्या चाकाची रिम गंजून चिरली आणि फ्रीव्हीलचे, म्हणजे साखळीच्या दातेरी चक्राचे, दातही झिजले. त्यांचे काम हलके करावे म्हणून मी घरीच एकेक तार सोडवली आणि फ्रीव्हीलसकट मोकळा हब, म्हणजे चाकाचा मधला तुंबा, त्यांच्यापुढे नेऊन ठेवला. त्यांनी तो उलटसुलट पाहिला.

"गुरुजी, नवरा अजून घोड्यावरच हाय, अन् तुमी मांडव सोडून मोकळं?"

चूक क्रमाची होती. फ्रीव्हील आट्यांवर बसते आणि पेडलच्या प्रत्येक दाबाने अधिक आवळते. ते उलटे फिरवायला चाकाचा घेर धरावा लागतो, आणि तो घेरच मी काढून टाकला होता. जन्मभर मुलांना पूर्वापर संबंध शिकवणाऱ्याने हे करावे... छिन्नीने ठोकले असते तर आटे गेले असते. तसा हब आता मिळत नाही. सायकल अडगळीत पडली असती, आणि त्र्याहत्तराव्या वर्षी घरच्या मुलांनी मला दुसरी घेऊ दिली नसती. पहाटेच्या पूजेसाठी देवळापर्यंत जाणे कुणाच्या तरी रिक्षावर अवलंबून राहिले असते.

"रिम टाकली तर नाय ना?" त्यांनी विचारले. मी ती आणून दिली. तेव्हा त्यांना दम्याचा त्रास होता, तरी त्याच चिरलेल्या रिममध्ये त्यांनी अर्ध्या तारा पुन्हा ओवल्या, आट्यांत तेल सोडले आणि दोन दिवस मुरू दिले. तिसऱ्या दिवशी फ्रीव्हीलची चावी शिकंज्यात घट्ट बसवून चाक तिच्यावर आडवे ठेवले.

"तुमी समोरनं धरा. हिसका नाय द्यायचा. जोर वाढवत न्यायचा."

दोघांनी रिम धरली. बराच वेळ काही हलले नाही. त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मी म्हटले, "थांबू या."

"आवळलं कोनी? तुमीच ना? मग धरा की."

टक् असा आवाज झाला आणि चाक हळूच फिरले. आटे शाबूत होते.

नव्या रिमवर हब चढल्यावर नवे फ्रीव्हील बसवण्यापूर्वी त्यांनी आट्यांना बोटाने ग्रीस लावले, सावकाश, एकही आटा न चुकवता. मी म्हटले, "दाऊदभाई, आता हे पुन्हा कोण काढणार आहे? माझ्यापुरते पुष्कळ झाले."

"तुमी नाय, मीबी नाय. पन काडनारा कोनीतरी असंलच की, गुरुजी."

त्याच चाकावर मी रोज पहाटे देवळात जातो. ते ग्रीस मला दिसत नाही. पण ते तिथे आहे. माझ्यानंतर हे चाक ज्याच्या हाती जाईल, त्याला फ्रीव्हील सोडवायला फारसा जोर लावावा लागणार नाही.