गाव विचारणारी

इकडे हिंदी मुलखात, दुर्गापुऱ्यात, आमच्या वरच्या खोलीत इंटर्नशिपला आलेली एक जर्मन मुलगी राहते. ती भेंडीलाही 'जी' लावते. भेटेल त्याला गाव विचारते, पत्ता वहीत लिहून घेते आणि शनिवार-रविवारी खरंच तिथे जाऊन येते. इस्त्रीवाल्याला त्याच्या म्हाताऱ्या आईचा फोटो तिनेच आणून दिला. मीही गमतीत माहेरचा पत्ता सांगितला होता.

या सोमवारी सकाळी तिने दारातच मोबाइल पुढे केला. "आंटीजी, भुसावलजी!"

फोटोत ओट्यावर माझी आई उभी होती, वॉकर धरून. रोज फोनवर "मी अगदी ठणठणीत आहे गं" म्हणणारी माझी आई!

"ये कबसे?" मी ओरडलेच.

"दिवाली से जी," ती म्हणाली, आणि माझा चेहरा बघून तिनेच तोंडावर हात ठेवला.