एका फ्लाइटपुरतं

कुणी घाबऱ्या चेहऱ्यानं दुकानात शिरलं, की चाचा उजव्या हाताचा पंजा टेबलावर पालथा ठेवायचे आणि म्हणायचे, "इत्मिनानसे बसा. तुम्हाला सोडून विमान कुठंच जात न्हाई."

हे अर्थातच खरं नव्हतं. विमान खुशाल सोडून जातं. पण मक्केला, उमराहच्या यात्रेला निघालेल्या एखाद्या म्हातारीला किंवा दुबईला सेंट्रिंगच्या कामावर चाललेल्या पोराला त्या वाक्यानं धीर यायचा, हे मी स्वतः पाहिलं आहे. तुमच्याही गावात असा एखादा तिकीटवाला असेल. आमचे चाचा जुन्या जालन्यात माझ्या शेजारच्या गाळ्यात बसायचे. माझं शिवणकामाचं दुकान. मध्ये प्लायवूडची भिंत. त्यांचं बोलणं मला आणि माझ्या मशीनची खडखड त्यांना, असा आमचा वर्षानुवर्षांचा शेजार.

तिकिटांच्या धंद्यात ते उशिरा आले. तरुणपणी ते सळयांच्या कारखान्यात होते, तिथल्या युनियनचे पुढारीच. संप झाला, लांबला, आणि अर्धे कामगार एकेक करून मागच्या फाटकानं आत गेले. बाहेर राहिलेल्यांना मालकानं परत घेतलंच नाही. चाचा बाहेर राहिलेल्यांतले. ही गोष्ट ते क्वचित सांगायचे, आणि सांगताना मालकावर राग दिसायचा नाही. "मालक तर मालकच राह्यतो, ताई. पण जो रोज माझ्या डब्यातलं खायचा, तो मान खाली घालून आत गेल्ता. ते अजून दिसतंय."

त्यांची धाकटी मुलगी सादिया विमानात केबिन क्रू म्हणून लागली, तेव्हा नातेवाइकांनी नाकं मुरडली. "लोकांना चहा द्यायला इतकं शिकवलं का?" असं मेहुण्यानं माझ्यादेखत विचारलं.

चाचा शांतपणे म्हणाले, "चहा तर मीबी देतो. आग लागली तर लोकांना बाहेर काढायला शिकवलं तिला."

युनिफॉर्म मिळाल्यावर ती पहिल्यांदा घरी आली, तेव्हा कोट कमरेत ढगळ होता म्हणून माझ्याकडे आली. मी टाके घालत होते आणि चाचा दारात उभं राहून प्रत्येक जाणाऱ्याला थांबवत होते. पुढे एकदा त्यांच्याच उमराहच्या मंडळींच्या विमानात तिची ड्यूटी लागली. हसनाबादच्या एका आजीनं विमानातलं जेवण नाकारलं आणि आपल्या फडक्यातली भाकरी-चटणी सादियालाच खायला लावली. ही हकीकत चाचांनी आम्हाला इतक्यांदा ऐकवली, की गल्लीतल्या सगळ्यांना ती पाठ झाली.

मग तो संप आला.

कंपनीनं दोन फेऱ्यांमधली विश्रांती कमी केली होती. सादियाबरोबरची एक मुलगी उडत्या विमानातच चक्कर येऊन पडली. क्रूच्या युनियननं काम बंद केलं आणि टीव्हीवर बोलायला ज्या चार-दोन मुली पुढे आल्या, त्यांत सादिया होती. त्या सकाळी चाचा माझ्यासाठी चहा घेऊन आले. चेहरा फुललेला. "पोरगी माझ्यावर गेली, ताई. बिलकुल माझ्यावर."

चहा संपायच्या आत त्यांचा फोन वाजायला लागला.

दुपारपर्यंत गाळ्यात उभं राहायला जागा उरली नाही. कुणाचा व्हिसा संपत होता, कुणाची तिकडची नोकरी जात होती, कुणाचे आईवडील जेद्दाच्या विमानतळावर फरशीवर बसून होते. चाचा फोनवर फोन करत होते, दुसऱ्या कंपन्यांची तिकिटं शोधत होते, मिळेल तो रस्ता काढून देत होते. सादियाला टीव्हीवर सगळ्यांनीच पाहिलं होतं. एकानं तोंडावरच सुनावलं, "पोरगी विमानं बंद पाडून राह्यली आन बाप तिकिटं विकून राह्यला." चाचांनी ऐकलं आणि पुढचा नंबर फिरवला.

दुसऱ्या दिवशी घनसावंगीकडचे एक गृहस्थ आले. पांढरी टोपी हातात घेतलेली. पहाटे त्यांचा भाऊ गेला होता. भावाचा एकुलता मुलगा दुबईला. बाप आजारी म्हणून त्याचं तिकीट चाचांनीच आधी काढून दिलं होतं, नेमकं त्याच कंपनीचं, त्याच दिवसाचं. विमान रद्द झालं होतं.

"चाचा, कवर थांबवावं? ऊन हे असं. पोरगं तिकडं रडून राह्यलंय, म्हणतंय मी आल्याबिगर नेऊ नका."

चाचांनी पंजा टेबलावर ठेवला. पण नेहमीचं वाक्य काही आलं नाही. त्यांनी सगळीकडे विचारलं. कुठंच जागा नव्हती. होती ती दुसऱ्या दिवशीची, तीही दोन ठिकाणी विमान बदलून.

तेव्हा ते गृहस्थ हळूच म्हणाले, "तुमच्या पोरीला एक फोन करता का? त्यांच्यातलं कुणी तरी ऐकंल की."

त्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर चाचांनी फोन केला नसता, असं मला अजूनही वाटतं. ते गाळ्याच्या मागच्या कोपऱ्यात, माझ्या भिंतीपाशी आले. मी मशीन थांबवली.

"बेटा, एक फ्लाइट कर ले. बस एक. किसी का बाप पड़ा है घर में." मग ते पलीकडचं ऐकत राहिले. मग, "हाँ. हाँ. मालूम है मेरे को." आणि त्यांनी फोन ठेवला.

ती काय म्हणाली, ते त्यांनी मला नंतर सांगितलं. ती म्हणाली होती, अब्बा, मी एकटी गेले तर विमान उडणार आहे का? आणि मी गेले तर बाकीच्याही जातील, हे तुमच्याकडूनच शिकले ना मी?

भावकीनं संध्याकाळी अग्नी दिला. मुलगा पोहोचला तो दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला.

चाचा भेटायला जायचं म्हणाले, तेव्हा सगळ्यांनी नको म्हणून सांगितलं. ते मला म्हणाले, "ताई, एकट्याला जमणार न्हाई." मी दुकान बंद केलं आणि आम्ही घनसावंगीच्या जीपमध्ये बसलो.

मुलगा अंगणात बसला होता, डोकं भादरलेला. तिशीच्या आतलाच. त्यानं आम्हाला बाजेवर बसवलं, आतून पाणी मागवलं. चाचांना तांब्या उचलवेना.

"बेटा, ती माझीच पोरगी हाय," ते म्हणाले. "तुला माहीत असंल."

"माहीत हाय, चाचा." तो पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. "आमच्या साइटवर संपाचं नावबी घेता येत न्हाई. घेतलं की दुसऱ्या दिवशी सामान बाहेर. तुमच्या पोरीचं चुकलं असं मी म्हणत न्हाई."

चाचांनी मान वर केली.

"पण माझ्या बापाचं तोंड पाहायचं राह्यलं, चाचा. ते मी कुणाला मागू?"

आतल्या बायकांचं रडणं मधूनच वर यायचं. थोड्या वेळानं आम्ही उठलो. त्यानं रस्त्यापर्यंत सोबत केली, जीपला हात केला, चाचांना पुढची जागा मिळवून दिली. त्या घरचं कुणी त्यानंतर तिकिटाला आलं नाही.

परतताना दोन्ही बाजूंना ऊस होता. चाचा बाहेर बघत म्हणाले, "तिनं न्हाई म्हटलं ते बराबर केलं, ताई. पण मी तिला इचारलं. जे लोक मागच्या फाटकानं गेले त्यांना मी जिंदगीभर माफ केलं न्हाई, आन माझ्या पोरीला मीच ते फाटक दाखवलं."

मी म्हटलं, त्या माणसाकडं बघून कुणीही विचारलं असतं. त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून नव्हे, विषय संपवायला.

संप मिटला. विश्रांतीचे तास परत मिळाले. युनियनच्या नेत्यांनी सही केली आणि सगळे कामावर गेले, टीव्हीवर बोललेल्या मुली सोडून. त्यांचं नंतर बघू, असं ठरलं. सादिया एक बॅग घेऊन घरी आली. ज्यांच्यासाठी ती बोलली होती, त्या मैत्रिणी फोन उचलेनाशा झाल्या. बापलेकीत त्या एका फोनबद्दल काही बोलणं झालं की नाही, मला माहीत नाही. ती दुकानात यायची, त्यांच्या समोरच्या खुर्चीत बसून मोबाईल बघत राहायची. दोघं एकमेकांशी फार जपून बोलायचे, पाहुण्यांशी बोलावं तसं.

मग युनियनच्याच एका नेत्याकडून निरोप आला. माफीनामा लिहून दे, तुला परत घेतील. फक्त तुला.

त्या दुपारी भिंतीपलीकडून तिचा आवाज चढला. "अब्बा, बोलो ना कुछ तो! जाऊँ या नहीं?"

चाचा म्हणाले, "एक बार बोला था बेटा. अब नहीं बोलूँगा."

मी भीतभीत डोकावले. ती टेबलावर डोकं टेकून रडत होती. चाचा मोसंबी सोलत होते. एकेक फोड, पांढरी साल नीट काढून, तिच्या हातात देत होते. तिनं पहिली फोड तशीच धरून ठेवली. दुसरी खाल्ली.

तिनं माफीनामा दिला नाही. बाहेर राहिलेल्या मुलींबरोबर ती कोर्टात गेली. तारखांना चाचा तिच्याबरोबर मुंबईला जायचे. कोर्टाच्या आवारात ती बोलत असली की ते थोडे मागे, पिशवी धरून उभे राहतात, असं तिनंच मला हसत सांगितलं. त्यांच्यातलं पाहुण्यासारखं वागणं सुटत आलं होतं.

चाचा हिवाळ्यात गेले. दुपारची, जोहरची नमाज पढून आडवे झाले, ते उठले नाहीत.

गाळा बरेच दिवस बंद होता. एका सकाळी शटरचा आवाज आला म्हणून मी बाहेर आले. सादिया ओढणीनं टेबलावरची धूळ पुसत होती.

"केसचं काय झालं गं?" मी विचारलं.

"चालू हाय, मावशी." ती त्यांच्या खुर्चीत बसली नाही, उभीच राहिली.

तेवढ्यात टेबलावरचा चाचांचा फोन वाजला. पलीकडच्यानं चाचांना मागितलं असावं. "अब्बा गेले," ती म्हणाली. पलीकडचा माणूस खूप वेळ काहीतरी बोलत होता. ती नुसती हं, हं म्हणत ऐकत राहिली, डोळे पुसत राहिली. मग तिनं खुर्ची पुढे ओढली, बसली, आणि आवाज नीट करून म्हणाली, "बोला. कुठं जायचंय?"