पहिल्या बाकावरचं खरं वाक्य

स्पर्धा परीक्षेचा क्लास सोडून वर्ष झालं, पण आम्ही जुने दोघं-तिघं चहाला भेटलो की तिथलेच किस्से निघतात. आता हसू येतं. तेव्हा नाही यायचं!

सदाशिव पेठेतल्या त्या क्लासमध्ये मराठीचे सर रोज फळ्यावर एक शब्द लिहीत. पहिल्या बाकावर ज्याची पाळी असेल त्याने उभं राहून वाक्य करायचं, तेही स्वतःच्या आयुष्यातलं आणि खरं. पाळीच्या दिवशी मला पोहेसुद्धा जात नसत.

*

मला ‘हुरूप’ आला. मी चाचरत म्हणालो, नवीन टाइमटेबल केलं की मला हुरूप येतो. किती वेळ टिकतो, सरांनी विचारलं. स्केचपेनने रंगवून होईपर्यंत, मी खरं ते सांगितलं.

“मग शब्द बरोबर वापरलात. टिकला असता तर ती उमेद. बसा.”

*

यवतमाळचा अमोल माझा रूममेट. त्याचा तो शेवटचा अटेम्प्ट, पुढे वयात बसणार नव्हता. त्याला ‘प्रोत्साहन’ आला. वडील रोज फोन करून मला प्रोत्साहन देतात, असं तो म्हणाला.

“रोज देतात त्याला धाक म्हणतात. बसा.”

वर्ग हसला, अमोलही हसला. रूमवर आल्यावर मात्र म्हणाला, सर बरोबर बोलले, फोन वाजला की मी आधी पुस्तक उघडतो, मग उचलतो.

*

वर्गात फोन वाजला तर उभं राहून स्पीकरवर बोलायचं, हा सरांचा दुसरा नियम. एकदा एकीच्या आईने सगळ्यांच्या देखत विचारलं, ते सर अजून खवचट बोलतात का गं?

“हो म्हणून सांगा,” सर म्हणाले.

*

मग निकाल लागला. यादीत अमोलचं नाव नव्हतं. दोन दिवस त्याने घरचा फोन उचलला नाही. तिसऱ्या दिवशी सवयीने क्लासला आला, तर पहिल्या बाकावर त्याचीच पाळी होती आणि फळ्यावर शब्द होता ‘उमेद’. तो उभा राहिला तोच खिशातला फोन वाजला. सायलेंटवर टाकायचा राहिला होता.

सरांनी फोनकडे बोट दाखवलं. अमोलने स्पीकर लावला.

“बाबा, नाही झालं माझं. आता वयही संपलं.”

“मले परवाच समजलं. तू जेवला का, ते सांग.”

सरांनी डस्टर घेऊन ‘उमेद’ शब्द पुसला. त्या जागी सावकाश लिहिलं, ‘प्रोत्साहन’.