दादाच्या हातची बादली

माझा दादा माणसांशी कधी धड बोलला नाही, पण गोठ्यात त्याच्या गप्पा संपायच्या नाहीत. पहाटे उठायचा, पिंपातला भरडा बादलीत काढायचा, पाण्यात कालवायचा, आधी गायीला घालायचा, मग दोन शेळ्यांना. त्याचा खोकला ऐकू आला की गाय उठून उभी राहायची. शेजारी त्याला ‘घड्याळ’ म्हणायचे. या घड्याळापायी आम्ही एकाही लग्नाला वेळेवर पोचलो नाही, कारण गुरांचं झाल्याशिवाय साहेब हलायचे नाहीत.

गेल्या वर्षी ते घड्याळ बिघडलं. आधी नावं गेली, मग रस्ते. मी त्याची धाकटी बहीण, त्याच्याच घरात मागच्या खोलीत राहते. मला तो आता ‘बाई’ म्हणतो. लहानपणी माझी वेणी ओढणारा भाऊ मला अहोजाहो करतो, यावर हसावं की रडावं कळत नाही म्हणतात ना, तसं काही नाही. मला कळतं. मला रडू येतं.

गोठा तेवढा त्याच्या हातात शाबूत होता. वहिनी म्हणायची, “ते काम आहे तोवर हे आहेत.”

मग एके सकाळी त्याने गुरांना घातलं, हात धुतले, चहा घेतला आणि विसरून पुन्हा घातलं. मग आणखी एकदा. वहिनी कोंबड्यांमागे होती आणि मी म्हटलं, रमलाय तर रमू दे. शेळीची जात, समोर भरडा आला की नाही कशाला म्हणेल? दुपारी थोरली शेळी फुगून आडवी पडली, दात खायला लागली. गुरांचा डॉक्टर आला तोवर उशीर झाला होता. जाताना तो वहिनीला म्हणाला, “पिंपाला कुलूप लावा, काकू. गाय गाभण आहे. तिचं असं झालं तर दोन जीव जातील.”

वहिनीने कुलूप लावलं. दुसऱ्या दिवशी दादा ते ओढत राहिला, बोटं लाल होईपर्यंत. ते तिला बघवेना. मग तिने युक्ती काढली. त्याच्या आधी उठून गुरांना घालायचं आणि त्याच्यासाठी दुसऱ्या पिंपात नुसता भुसा ठेवायचा. म्हणजे कितीदाही घालू दे.

करायला गेली काय अन् उलटे झाले पाय. पोट भरलेली गाय भुसा हुंगून तोंड फिरवायची. दादाच्या तोंडचं पाणी पळायचं. “अगं, खात नाही ही! आजारी आहे. डॉक्टरला बोलव!” कालचं त्याला आठवत नसे, त्यामुळे रोज सकाळी तीच भीती, तितकीच ताजी. एकदा तर गायीच्या मानेवर कपाळ टेकून तो हुंदके देऊन रडला.

माझं डोकंच फिरलं. “बास झालं, वहिनी. देऊन टाक ती गाय कुणाला तरी!”

“आणि सकाळी उठल्यावर यांना कुठे जा म्हणू?”



शेवटी वहिनीने एकाच वेळचा भरडा कालवून दारापाशी ठेवायला सुरुवात केली. बाकी कुलपात, त्याच्या नजरेआड. तो उठेल आणि घालेल. पण दादा दिवसेंदिवस उशिरा उठायला लागला. ऊन अंगणात यायचं, गाय हंबरायची, उरलेली शेळी गळा काढायची. वहिनी पायरीवर बादली धरून बसलेली.

“घाल गं, गाभण आहे ती,” मी म्हणायची.

“थोडं थांबू. उठतीलच.”

गायीचं ऐकावं तर नवरा रिकामा होतो, नवऱ्याचं बघावं तर गाय उपाशी. तिच्या जिवाची नुसती ओढाताण चालली होती.

आज ऊन चांगलंच चढल्यावर दादा बाहेर आला. अंगणात उभा राहून त्याने गायीचं हंबरणं ऐकलं आणि रागाने वहिनीकडे वळला.

“कुणाची जनावरं ही?”

वहिनी उठून उभी राहिली.

“केव्हाची ओरडताहेत बिचारी. मालकाला काही लाज?”

“दादा, अरे, तूच...” मी तोंड उघडलं, तर वहिनीने माझं मनगट घट्ट धरलं.

“मालक बाहेर गेलेत,” ती म्हणाली. “कधी येतील सांगता येत नाही. तुम्ही घालाल का एवढं?”

“मला इथलं काय माहीत?” असं म्हणतच त्याने बादली घेतली. हात आत घालून ढवळलं. खोकला. आधी गायीला, मग शेळीला. गाय खात होती तोवर तिच्याशी काहीबाही बोलत राहिला. परत येताना बादली भिंतीलगत पालथी ठेवली, नेहमीच्या जागी.

“मालक आले की सांगा त्यांना,” तो वहिनीला अदबीने म्हणाला. “गाभण गाय आहे. तिला असं वाट बघायला लावू नये.”

“सांगते,” वहिनी म्हणाली.

मग मालकाची वाट बघत तो पायरीवर बसला. वहिनीही त्याच्या शेजारी बसली.