यंदा काय लावताय?

मुलुंडला आमच्या वरच्या मजल्यावरचे काका निवृत्त झाले आणि चिपळूणजवळच्या आपल्या दोन एकरांत नगदी पिकं घेऊ लागले. एखाद्या पिकाला भाव आल्याचं कळलं की ते तेच लावत. त्यांचा माल तयार होईपर्यंत ते सगळ्यांनीच लावलेलं असे आणि भाव कोसळे. एका वर्षी आमची अख्खी बिल्डिंग ड्रॅगन फ्रूट खात होती. दारात पिशवी ठेवताना काका म्हणत, "यंदा मार्केटच चुकलं रे!"

त्यांच्या शेजारच्याच गावात माझ्या मामाचं शेत. दर मे महिन्यात मामाचा फोन येतो, "काका यंदा काय लावतायत, विचार ना. तेवढं सोडून लावतो."

गेल्या वर्षी माझ्या तोंडून निम्मंच निसटलं. "काका, मामा विचारत होता, यंदा काय लावताय?"

"मला विचारतो? एवढा मुरलेला शेतकरी?" काकांचा आवाजच बदलला. आत जाऊन ते बनियनवर शर्ट चढवून आले, माझ्याच फोनवरून त्यांनी मामाला अर्धा तास हळद समजावली. मामा आदराने "हो साहेब, हो साहेब" करत राहिला.

संध्याकाळी काकांनी बिल्डिंगभर पेढे वाटले. मामाने सुरण लावला, हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.