भंतेजींनी झाकण लावलं त्या दिवसापासून

कृपा, चमत्कार असल्या शब्दांना आमच्या धम्मात फारशी जागा नाही, आणि माझ्या फटकळ स्वभावात तर अजिबात नाही. मी मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या एका शाळेत क्लार्क आहे आणि आमच्या वस्तीतल्या विहार कमिटीची सचिव. दहा जणांना कामाला लावायचं आणि स्वतःचंच खरं करायचं, ही माझी ख्याती. तरीही मागच्या पावसाळ्यात जे घडलं ते आठवलं की माझे हात आपोआप जुळतात. का जुळतात, हे मला अजून नीट सांगता येत नाही.

वर्षावासाचे, म्हणजे भिक्खूंनी पावसाळ्यात एकाच जागी राहायचे, तीन महिने आमच्या विहारात राहायला श्रीलंकेहून एक भंतेजी आले होते. वय जेमतेम चोवीस-पंचवीस. पहाटे उठून ते अंगण झाडायचे, इतकं स्वच्छ की आम्हाला चपला ठेवायला लाज वाटावी. मग वंदना, ध्यान, स्वतःचं चीवर धुणं आणि संध्याकाळी मुलांना पाली गाथा शिकवणं. मुलं त्यांना हिंदी शिकवायची, त्यामुळे त्यांच्या हिंदीत ‘अबे’ शिरला होता. एकदा त्यांनी कमिटीच्या अध्यक्षांनाच ‘अबे, नमस्कार’ म्हटलं. रविवारी आईला व्हिडिओ कॉल लावून ते वंदनेला जमलेली आमची गर्दी दाखवायचे आणि तिकडून त्या माउलीचं हसू ऐकू यायचं.

जेवणाचा डबा आम्ही बाजारातल्या भोजनालयातून लावला होता. परदेशी माणूस, त्याला आमच्या घरचं चालेल की नाही, असं सगळ्यांच्याच मनात. खरं कारण त्याहून जुनं होतं. आमच्या हातचं पाणी न पिणारी माणसं आमच्या आई-आजोबांनी पाहिली आहेत. शाळेत माझा डबा बघून बाक बदलणारी मैत्रीण मीही पाहिली आहे. त्यामुळे कुणी आपलं अन्न नाकारण्याआधी आपणच ते पुढे करायचं नाही, अशी आम्हाला सवय लागून गेली आहे.

पंधरा दिवसांनी भंतेजी म्हणाले की त्यांच्या देशाच्या रीतीप्रमाणे सकाळी दारोदार भिक्षेला यायचं आहे. मी लगेच घरोघरी फर्मान काढलं: शिजवलेलं काही देऊ नका, शिधा द्या, पीठ, डाळ, तांदूळ. त्यात कुणाचा अपमान व्हायचा प्रश्न नाही, असा माझा हिशेब. दुसऱ्या दिवशी ते अनवाणी, खाली मान घालून पहिल्याच दारी उभे राहिले. ते घर शेजारच्या काकींचं. काकींनी नवं लुगडं नेसून पितळी वाटीत पीठ आणलं होतं. भंतेजींनी पीठ पाहिलं आणि हळूच हातातल्या भिक्षापात्रावर झाकण लावलं. पुढच्या दारीही तेच. सबंध गल्लीत तेच.

“आपलं पीठ बी चालत नाही काय वो याले?” काकी दारातच मटकन बसल्या. “इतक्या लांबून आला अन् हा बी तेच करून राहिला!”

संध्याकाळी बैठक झाली आणि भंतेजींना नागपूरच्या विहारात पाठवायचं ठरलं. वर्षावास मध्येच मोडणं भिक्खूसाठी किती मोठी गोष्ट, हे मला ठाऊक होतं. पण माझाही संताप झाला होता. त्यांना पांढुर्ण्याला नेऊन गाडीत बसवायचं काम मीच अंगावर घेतलं. त्यांनी काही विचारलं नाही. पोथ्या बांधल्या आणि दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्यासोबत निघाले. त्यांच्या त्या शांतपणाचाही मला रागच आला.

पांढुर्ण्याच्या अलीकडे बसचं टायर पंक्चर झालं. अकरा वाजून गेले होते. दुपारी बारानंतर भिक्खू जेवत नाहीत, आणि त्या दिवशी डबा घ्यायचं मी रागात विसरले होते. आम्ही कडुलिंबाखाली बसलो. शेजारी कपाशीच्या निंदणाला, तण काढायला निघालेली एक बाई विसावली होती. तिने भंतेजींकडे एकदा बघितलं.

“पोरगा उपाशी दिसते.”

“त्यांना आपलं चालते का नाही, माहीत नाही,” मी म्हटलं.

“पुसलं काय?”

तिने शिदोरीचं फडकं सोडलं, अर्ध्या भाकरीवर चून, म्हणजे पिठलं, आणि ठेचा ठेवला आणि ती दोन्ही हातांनी पुढे केली. भंतेजींनी पात्राचं झाकण उघडलं. भाकर आत पडली. त्यांनी तिच्यासाठी गाथा म्हटली आणि जेवले. ठेच्याने डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी एक कण सोडला नाही.

मग काल पीठ का घेतलं नाही, असं मी त्यांना विचारलं. तेव्हा त्यांनी मोडक्या हिंदीत सांगितलं, “कच्चा अनाज लेना भिक्खू को मना है. पका हुआ, कोई हाथ से दे, वही ले सकते हैं. माँगना भी मना है. मुझे लगा, यहाँ के लोग अपना खाना देना नहीं चाहते.”

मला हसू आलं आणि त्यातच रडू फुटलं. आमच्या हातचं अन्न हीच एक गोष्ट त्यांना घेता येत होती, आणि तेवढीच मी घरोघरी फिरून बंद करून ठेवली होती! डोळे पुसून वर पाहिलं, तर बाई शेताच्या धुऱ्यावरून चालू लागली होती. तिचं नाव, गाव, जात, काहीच मी विचारलं नाही. समोरून सौंसरची बस आली. मी हात केला आणि आम्ही दोघं परत फिरलो.

गल्लीत शिरताच मी सगळ्यांसमोर माझी चूक सांगितली. मला न शोभणारं काम होतं ते, पण केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी काकींच्या दारी वरण-भात वाफाळत होता. त्यांनी इतक्या घाईने डाव भरला की भाताची शितं उंबऱ्यावर सांडली. “माह्या हातचं हाये, बाप्पा,” त्या म्हणाल्या. भंतेजींनी पात्र पुढे धरलं. काकी भात वाढतच राहिल्या, पात्र भरलं तरी थांबेनात, शेवटी मीच त्यांचा हात धरला.

त्यांचा वर्षावास आमच्याकडेच पूर्ण झाला. त्या बाईला कुणी पाठवलं, हे मी विचारत बसत नाही. मनोमन तिचे पाय धरते, बस. समोरचा नाही म्हणेल या भीतीने मी जन्मभर त्याच्या वतीने आधीच नाही म्हणत आले होते. आता ताट पुढे करते. घ्यायचं की नाही, ते त्याचं त्याने ठरवावं.